संकष्टीचा डोंगर

आमच्याकडे पाहुणे आले, जेवणं झाली आणि गप्पा रंगल्या की माझी मुलगी केव्हातरी म्हणतेच, "बाबा, टेल देम अबाउट युअर माउंटन." लगेच बायको उठून भांडी आवरायला लागते. तिला ही गोष्ट पाठ आहे. तिचं म्हणणं असं की मी दर वेळी त्या डोंगराची उंची थोडी वाढवतो. ते खरं आहे. पण जो डोंगर मुळात नव्हताच, त्याच्या उंचीबद्दल किती काटेकोर राहायचं?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आता आम्ही इकडे परदेशात, कॉम्प्युटर कंपन्यांच्या रेडमंडला राहतो. तेव्हा मी तिथून उत्तरेला, खाडीकाठच्या एका लहान गावात विद्यार्थी म्हणून एकटा राहत होतो. एका घराच्या तळघरातली खोली. खिडकी छताला लागून, आणि बाहेरची जमीन खिडकीच्या बरोबरीने, त्यामुळे मला जगाचं दर्शन व्हायचं ते बुटांचं. घरमालकीणबाईंचे बूट मी ओळखायला लागलो होतो. पोस्टमनचेही. ऑक्टोबर ते एप्रिल बारीक पाऊस. त्याला धड पाऊसही म्हणता येत नाही. हवाच ओली असते. दिवसभरात मराठी शब्द कानावर पडायचा तो मी स्वतःशी बोललो तरच, आणि मी स्वतःशी बोलायला लागलोय हे लक्षात आल्यावर तेही मी कमी केलं.

काम होतं खाडीच्या तळाचं. पाण्याखालच्या चिखलाचं. तेरा-चौदा हजार वर्षांपूर्वी तो सगळा मुलूख उत्तरेकडून आलेल्या बर्फाखाली होता. बर्फ वितळून मागे सरकलं तेव्हा त्याने समुद्रात बारीक करडी चिकणमाती सोडली, मधूनमधून हिमखंडांतून सुटलेले गोटे टाकले. हा जुना थर. त्याच्यावर पुढच्या काळात नदीने आणि लाटांनी आणलेला नवा गाळ. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, याचा नकाशा करायचा, एवढंच. गावाला तिथे नवा धक्का बांधायचा होता. खांब जुन्या घट्ट मातीत रुतायला हवे होते, म्हणून माझ्या प्रबंधाखेरीज इतरही या नकाशाची वाट बघत होते.

एकदा रेडमंडला कुणा मराठी मंडळींकडे गणपतीला गेलो होतो. बस बदलत बदलत. तिथे एकाने विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

"खाडीत," मी म्हटलं.

"स्टार्टअप आहे का?"

मी नीट समजावून सांगितलं. तो मनापासून ऐकत होता, मग म्हणाला, "यार, मोदक घे." परतीच्या बसमध्ये मला जास्तच एकटं वाटलं. त्यानंतर गेलो नाही.

आमची पद्धत अशी. लहान बोटीवरून ॲल्युमिनियमची लांब नळी थरथरवत तळात घुसवायची, वर ओढायची, तुकडे करून दोन्ही तोंडं बंद करायची आणि प्रयोगशाळेच्या थंड खोलीत रचून ठेवायची. मग एकेक नळी उभी चिरायची. उसाचं कांडं मधोमध चिरावं तशी. एक अर्धी कामाची, दुसरी जपून ठेवण्याची. चिरली की आतला चिखल थरांसकट समोर येतो: वरच्या टोकाला शिंपले, लाकडाच्या ढलप्या, पाणगवताची मुळं, खाली करडा, गुळगुळीत, गप्प असा जुना थर. त्याचा रंग लिहायचा, पोत लिहायचा, आणि चिमूटभर दातांखाली धरायचा.

हो, दातांखाली. पाहुणे इथे नेहमी चमचा खाली ठेवतात. बोटांना चिकणमाती आणि बारीक गाळ दोन्ही सारखेच मऊ लागतात. दातांना फसवता येत नाही. चिकणमाती लोण्यासारखी सरकते. गाळ असला तर कचकचतो. आमचे सर पन्नाशी उलटलेले, दाढीवाले, दिवसातून पन्नास वेळा चिखल चावणारे. चावताना डोळे मिटायचे आणि मान किंचित कलती करायचे, लांबचं रेडिओ स्टेशन लावल्यासारखी. मग थुंकून निकाल द्यायचे. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक चिमटीनंतर चूळ भरायचो. नंतर सवय झाली, इतकी की घरमालकीणबाईंनी एकदा केक दिला तेव्हा पहिला घास मी डोळे मिटून कलत्या मानेने चावला. त्यांना वाटलं फारच आवडला.

बायको सांगलीला होती. ती तिथल्या कॉलेजात शिकवायची, आणि माझं शिक्षण संपेपर्यंत एकाने तरी पगार आणावा असं आमचं ठरलं होतं. आदल्या ऑगस्टमध्ये मी महिनाभर घरी जाऊन आलो, आणि ऑक्टोबरात तिचा फोन आला.

"बसला आहेस का?"

"उभा आहे. फोन भिंतीवर आहे."

"मग भिंतीला टेक."

डॉक्टरांनी बाळंतपणाची मे महिन्याच्या अखेरीची तारीख दिली होती. मी थंड खोलीत जाऊन नळ्यांच्या मांडणीकडे बघत उभा राहिलो आणि हिशोब केला: एप्रिलपर्यंत सगळ्या चिरून, लिहून, नकाशा संपवला की मे उजाडताच मी घरी. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "नकाशा दे आणि जा. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मी अलास्कात होतो. बायको अजून बोलून दाखवते." आता एकच गोष्ट माझ्यासमोर होती. बाळ येईल तेव्हा मी तिथे असायचं.

आणि मग उपवासाचं निघालं. माझी बायको शाळेत असल्यापासून संकष्टी करते. मी तिची त्यावरून भरपूर चेष्टा केलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच संकष्टीला मी तिच्यासमोर बसून वडापाव खाल्ला होता. तर डॉक्टरांनी तिला उपवास बंद करायला सांगितला. फोनवर तिचा आवाज पडला होता. "इतक्या वर्षांत एकही चुकली नाही रे," ती म्हणाली.

"तुझ्याऐवजी मी करतो," मी म्हटलं.

मला वाटलं लाइन गेली.

"तू?"

"मी. बाळ येईपर्यंत. तू फक्त तारखा सांग."

हे मी का बोललो, मला आजही नीट सांगता येत नाही. देवाशी माझं तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. पण तिच्या अंगात एक जीव वाढत होता आणि मी दुसऱ्या गोलार्धात चिखल चावत होतो. त्यात मला करता येण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच सापडलं होतं.

उपवास सोपा नव्हता. गावात साबुदाणा मिळेना. एका दुकानात टॅपिओकाचा डबा मिळाला, त्याची खिचडी केली, ती आमच्या हिमयुगातल्या चिकणमातीच्या तोडीची झाली. पातेल्यासकट टाकली. मग उकडलेले बटाटे, शेंगदाणे, केळी. चंद्र तर त्या हिवाळ्यात दिसलाच नाही. पण बोटीवर आमच्याजवळ भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असायचं, त्यात चंद्रोदयाची वेळ दिलेली. ती वेळ झाली की मी तळघराच्या पायऱ्यांवर येऊन ढगांना नमस्कार करायचो आणि आत जाऊन वरणभात खायचो. तिकडे तिची सकाळ झालेली असायची. तिचा चंद्र उगवून मावळायला आला की इकडे माझा. एकाच दिवसाच्या दोन टोकांना आम्ही दोघं. महिन्यातला तो एक दिवस मला घरात असल्यासारखं वाटायचं.

अडचण आली ती चिखलाची. पहिल्याच संकष्टीला नळी चिरली, चिमूट उचलली, तोंडापर्यंत नेली आणि हात थांबला. हे चालतं का? शनिवारच्या फोनवर बायकोला विचारलं. ती इतकी हसली की फोन सासूबाईंनी घेतला.

"काय झालं हो, जावईबापू?"

"काही नाही, एक शंका होती. उपवासाला माती चालते का?"

"माती?"

"खात नाही. दाताखाली धरतो नि थुंकतो. कामाचा भाग आहे."

"अगं बाई! डोहाळे हिला लागलेत आणि माती तुम्ही खाताय?"

मागून बायको ओरडली, "आई, बोल लवकर, मीटर पळतंय त्यांचं!"

सासूबाई विचारात पडल्या. धर्मशास्त्राचा प्रश्न त्या कधी घाईत सोडवत नसत. "कुठली माती म्हणायची?"

"समुद्राच्या तळाची."

"म्हणजे खारट. उपवासाला आमच्यात सैंधव चालतं, समुद्राचं मीठ नाही. आणि त्यात मासेबिसे मरून पडत असतील की."

"शिंपले असतात."

"मग तर मांसाहारच झाला! नको हो. एक दिवस नाही चावली तर काय बिघडतंय?"

मलाही तसंच वाटलं. बोटांवर माझा फार भरवसा होता. तेव्हापासून संकष्टीच्या दिवशी मी नळ्या चिरायचो, लिहायचो, पण चावायचो नाही. अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचो आणि ठरवायचो: चिकणमाती, जुनी. बहुतेक दिवशी त्याने काही बिघडलंही नसतं. पण जानेवारीत आणि फेब्रुवारीत, दोन्ही संकष्ट्यांना, माझ्यापुढे आल्या त्या खाडीच्या मध्यभागातल्या शेजारशेजारच्या नळ्या.

मार्चमध्ये नकाशा आकाराला आला आणि मी थक्क झालो. जुन्या मातीचा पृष्ठभाग खाडीखाली सगळीकडे हळूहळू उतरत जातो, आणि मधेच एका जागी उसळून वर येतो. चिखलाखाली दडलेला डोंगर! डोंगर म्हणजे टेकाडच, पण मला तो डोंगर दिसला. हिमनदी मागे सरकताना तिथे बराच काळ थबकली असणार आणि तिने माती ढकलून तो रचला असणार, असं मी अनुमान काढलं. त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. रात्रंदिवस मी त्या हिमनदीबरोबर थबकलो होतो. चाललेली, दमलेली, मागे जायचं की पुढे हे ठरेना म्हणून जागच्या जागी उभी राहिलेली हिमनदी. मला ती फार जवळची वाटायला लागली होती.

एप्रिलच्या मध्यावर सरांनी नकाशा टेबलावर पसरला. माझं तिकीट काढून झालं होतं. बॅगेत बाळासाठी घेतलेले लोकरीचे मोजे होते. सांगलीच्या मे महिन्यात लोकरीचे मोजे न्यायची अक्कल एकट्या राहणाऱ्या माणसालाच सुचते.

सर बराच वेळ टेकाडाकडे बघत होते. मग म्हणाले, "इथली माती आण."

मी त्या नळ्यांच्या जपून ठेवलेल्या अर्ध्या भागांपैकी एक आणला. त्यांनी चिमूट घेतली, डोळे मिटले, मान कलती केली. थुंकले. दुसरीकडची घेतली. पुन्हा थुंकले.

"हे जुनं नाही. हा गाळ आहे. काठावरचे जुन्या मातीचे कडे लाटांनी ढासळवले, त्यांचा. रंग तोच, कारण माल तोच. पण इथे आला कालपरवा." कालपरवा म्हणजे आमच्या धंद्यात हजार-दोन हजार वर्षं. "तू चावून बघितलं नव्हतंस?"

"नाही, सर."

"का?"

"त्या दिवशी उपवास होता."

त्यांना कळेना. मी सांगितलं. चंद्र, बायको, डॉक्टर, सैंधव. ते दाढीवर हात ठेवून ऐकत राहिले.

"तुझ्या देवाला गाळ चालत नाही?"

"देवाचं माहीत नाही. सासूबाईंना चालत नाही."

ते असे हसले की शेजारच्या खोलीतलं कुणीतरी डोकावून गेलं. मीही हसलो. आणि मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं, कारण दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती.

"असे दिवस किती होते?" त्यांनी विचारलं.

"महिन्यातून एक."

"आणि त्या दिवसांत कोणकोणत्या नळ्या झाल्या, खात्रीने सांगशील?"

टेकाडाच्या सांगता आल्या असत्या. बाकीच्या नाही. नोंदींवर मी तारखा घातल्या नव्हत्या.

"लोक तिथे खांब रोवणार आहेत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सगळ्या पुन्हा बघाव्या लागतील. मी अर्ध्या घेतो."

तिकीट पुढे ढकललं. डॉक्टरांच्या तारखेच्या चार दिवस आधी पोचेन असं. बायकोला फोन केला तेव्हा मी आधी डोंगराची गोष्ट विनोद करून सांगितली. ती हसली नाही.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे काय? माझ्या बोटांमुळे."

"या महिन्याची संकष्टी पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी काम करणार की नाही?"

"बटाटे खाऊन बंद ठेवतो एक दिवस."

"एक दिवस बंद म्हणजे एक दिवस उशीर ना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले.

"उपवास राहू दे," ती म्हणाली. "तू ये." आणि मग एकदम आवाज खाली आणून, "आईला सांगू नकोस."

त्या संकष्टीला मी सकाळी अंडं खाल्लं आणि दिवसभर चिखल चावला. कोष्टकात चंद्रोदयाची वेळ होती. पायऱ्यांवर गेलो नाही. त्या दिवशी तळघरात जितकं सुनं वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं. पोट भरलेलं होतं आणि सांगलीशी माझा काही संबंध उरला नव्हता.

सर शब्दाला जागले. मे महिन्याचे दोन आठवडे आम्ही समोरासमोर बसून चावत होतो. गप्पा अशा नव्हत्याच; दोघांची तोंडं भरलेली. डोंगर एका बाजूने ढासळायला लागला. प्रकरण मी फाडलं नाही, नुसतं पालथं घालून मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या नोंदी लिहिल्या. कागद चांगला होता.

एका रविवारी सकाळी मी एकटाच प्रयोगशाळेत होतो. सर त्या दिवशी यायचे नव्हते. शेवटच्या नळ्या उरल्या होत्या, आणि तिकीट येत्या गुरुवारचं होतं. फोन वाजला. सासरे होते. ते फोनवर नेहमी तारेच्या भाषेत बोलायचे.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप."

"आज? अजून तर..."

"तिला घाई होती. इकडे संध्याकाळ झाली आहे. हिला झोप लागलीय. उद्या बोला."

"कशी आहे दिसायला?"

ते विचारात पडले. "लाल," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी हात धुतले. परत धुतले. कॉरिडॉरमध्ये येऊन दोन्ही बाजूंना बघितलं. सगळी दारं बंद. सरांच्या घरी फोन लावला. मशीन लागलं, त्यावर काय बोलायचं ते सुचेना म्हणून ठेवून दिला. रेडमंडच्या त्या मोदकवाल्याचा नंबर कुठेतरी होता, पण त्याला माझं नाव आठवलं नसतं. बातमी अंगात मावत नव्हती आणि ती ठेवायला जागा नव्हती. शेवटी अंगात स्वेटर चढवून उताराने खाडीवर गेलो.

मोठी ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, आणि इतके दिवस मी नळ्यांतून बघितलेला चिखल समोर उघडा पडून उन्हात चमकत होता. त्यात एक म्हातारा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, शिंपले खणत होता. दुसरं कुणी नव्हतं. मी चपलांसकट चिखलातून त्याच्यापर्यंत चालत गेलो. त्याने फावडं थांबवून माझ्या पायांकडे बघितलं.

"हरवलायस का?" त्याने विचारलं.

"मला मुलगी आहे," मी म्हटलं. इंग्रजीत हे वाक्य तयारच नव्हतं; जसं आलं तसं बोललो.

त्याने मान हलवली. "मलाही दोन आहेत. तुझी केवढी?"

"आजची."

"आजची?" त्याने फावडं चिखलात रोवलं, हातमोजा काढला आणि हात पुढे केला. त्याचा हात गार आणि ओला होता. बराच वेळ त्याने माझा हात सोडला नाही. "कुठल्या दवाखान्यात? वरच्या टेकडीवरच्या का?"

"नाही. भारतात."

त्याने माझ्याकडे, मग मागे गावाकडे, मग लांब गेलेल्या पाण्याकडे बघितलं. टोमणा मारायचं त्याच्या मनात नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मग तू इथे काय करतोयस?"

मी तोंड उघडलं. चिखलाबद्दल मला त्या गावात कुणाहीपेक्षा जास्त सांगता आलं असतं.

"उद्या निघतोय," मी म्हटलं.

"छान," तो म्हणाला. हातमोजा घातला, आणि पुन्हा खणायला लागला. तिकीट गुरुवारचं होतं. मी तिथेच उभा राहिलो, पाणी परत यायला लागेपर्यंत.